सासूबाई, मी आणि चढतं पाणी

पाणी कधी येणार आणि कधी जाणार, हे सांगण्याचाच मी पगार घेतो. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी आहे माझी. कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती आवळायचा, सगळं माझ्या डोक्यात असतं. लोक मला लिफ्टमध्ये गाठतात, न्हाव्याच्या खुर्चीत गाठतात. दाताच्या डॉक्टरनं तर माझं तोंड उघडं ठेवून, आत आरसा घालून विचारलं होतं, "साहेब, उद्या पाणी येणार ना?" आणि मी सांगतो ते बहुतेक वेळा खरं ठरतं. त्यामुळे सुट्टीला आम्ही एका बेटावर गेलो आणि हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी "बरोबर वाटाड्या देऊ का?" असं विचारलं, तेव्हा मला हसूच आलं.

हॉटेलसमोर किनारा होता. किनाऱ्यापासून थोडं आत एक छोटं खडकाळ बेट होतं. मोठ्या बेटाला चिकटून बसल्यासारखं दिसायचं म्हणून आम्ही त्याला पिल्लू म्हणायला लागलो होतो. मध्ये पांढऱ्या वाळूची पट्टी, रस्त्यासारखी सरळ. तिच्यावरून चालत जायचं आणि चालत यायचं. यात वाटाड्या कसली वाट दाखवणार?

"नको," मी म्हणालो.

"बरं," बाई म्हणाल्या. "पण जेवणाच्या आत परत या हं. नंतर पंचाईत होते."

मला वाटलं, यांचं जेवणघर लवकर बंद होतं. मी खोलीत येऊन बायकोला सांगितलं, "दोन पाव आणि केळी घे बांधून. उशीर झाला तर उपाशी राहायला नको." माझ्या दूरदृष्टीचं मलाच कौतुक वाटलं.

पण बायको येणार नव्हती. आदल्या दिवशी धबधबा बघताना शेवाळावरून तिचा पाय घसरला होता आणि घोटा सुजून नारळाएवढा झाला होता. ती म्हणाली, "मी किनाऱ्यावर माडाखाली बसते. तू आणि आई जाऊन या."

खिडकीपाशी बसून बुटांच्या नाड्या बांधणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. माझाही केळ्यापाशी थांबला.

हे जरा समजावून सांगायला हवं. लग्न झाल्यापासून मी आणि सासूबाई एकमेकांशी कधी बोललेलो नव्हतो. गैरसमज नको, आमचं भांडण वगैरे नव्हतं. भांडायलाही बोलावं लागतं. आमचा सगळा कारभार बायकोमार्फत चालायचा. एकाच टेबलावर, एकमेकांसमोर बसून सासूबाई म्हणायच्या, "ह्यांना विचार, चहा घेणार का." मी म्हणायचो, "आईंना सांग, अर्धा कप." बायको वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणायची, "ऐकलं तिनं." सासूबाई मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. सगळा वॉर्ड त्यांना टरकून असायचा, डॉक्टरसुद्धा. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. अशा बाईशी आपण होऊन बोलायला जाणं म्हणजे चालू पंपात हात घालण्यासारखं, असं माझं मत होतं.

"त्या जातील का विचार," मी बायकोला म्हणालो.

"ह्यांना वेळ असेल तर म्हणावं जाऊ," सासूबाई म्हणाल्या.

"खाणार नाहीये कोणी कोणाला," बायको म्हणाली. "जा."

सासूबाईंना जायचंच होतं, हे मला ठाऊक होतं. हॉटेलच्या जिन्यात एक फोटो लावला होता. पिल्लाच्या पलीकडच्या अंगाला खडकाला एक आरपार भोक आहे, अगदी चौकोनी, खिडकीसारखं, आणि त्यातून नुसता समुद्र दिसतो. येता-जाता सासूबाई त्या फोटोपाशी थांबायच्या. ज्या वॉर्डात त्यांचं आयुष्य गेलं, त्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, एवढं एकदा बायकोनं मला सांगितलं होतं.

तर आम्ही निघालो. पुढे छत्री उघडून सासूबाई, गळ्यात तिरकी पर्स. मागे खाण्याची पिशवी घेऊन मी. वाळू कडक आणि थंड होती, दोन्ही बाजूंना हिरवंनिळं पाणी, तळाचे दगडसुद्धा मोजता यावेत इतकं स्वच्छ. अर्ध्या वाटेवर मला चालण्याचा वेग थोडा वाढवावासा वाटला. आता हे सांगायचं कसं? मी फोन काढला आणि बायकोला लावला.

"आईंना सांग, जरा भरभर चालू या."

"ती कुठेय?"

"माझ्या पुढे."

"किती पुढे?"

"हात लांब केला तर छत्रीला लागेल."

बायको म्हणाली, "स्पीकरवर टाक." मी टाकला. "आई, भरभर चाल." सासूबाई वळून न पाहता म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, माझे गुडघे आहेत, सायकल नाही."

अशी आमची सहल सुरू झाली. पिल्लू तसं लहानच. मधोमध केवड्याचं दाट बन, कडेनं काळा, धारदार खडक. वळसा घालून आम्ही पलीकडे पोचलो आणि ती खिडकी समोर आली. खोटं कशाला सांगू, मीही जागीच थांबलो. खडकाच्या काळ्या चौकटीत इतका निळा समुद्र होता की कोणीतरी आत्ताच रंगवून ओला ठेवलाय असं वाटावं. सासूबाईंनी छत्री मिटली. चौकटीवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मी फोटो काढले. खडकातल्या डबक्यांत निळे मासे होते ते पाहिले. एक केळं खाल्लं. त्या तिथेच.

निघायला हवं होतं. मी पुन्हा फोन लावला. "आईंना विचार, निघायचं का?"

नेमका त्याच क्षणी माझ्या पायाशी खडक गुरगुरला. तिथे एक भोक होतं, पातेल्याएवढं. मघापासून त्यातून नुसता वारा येत होता. आता खालून लाट शिरली आणि त्यातून पाण्याचा फवारा असा उडाला की मी मागच्या मागे बसलो. पाणी ओसरलं तेव्हा हातात फोन नव्हता. तो त्या भोकाच्या काठावर पडला होता, आणि आतून बायकोचा आवाज येत होता, "हॅलो? काय म्हणालास?" मी हात पुढे केला. दुसरा फवारा आला. बायको भोकात गेली. म्हणजे फोन गेला.

आता आम्ही दोघं उरलो होतो आणि मधे कोणीच नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या खेकड्याकडे पाहिलं आणि त्या खेकड्याला म्हणाल्या, "निघावं आता."

मी खेकड्याला म्हणालो, "हो, चला."

वळसा घालून अलीकडे आलो आणि मी थांबलो. वाळूची पट्टी नव्हती.

म्हणजे कुठेच नव्हती. पिल्लापासून किनाऱ्यापर्यंत नुसतं पाणी, आणि तेही शांत, निरागस, जणू कायम तिथेच होतं. किनाऱ्यावर माडाखाली बायको ठिपक्याएवढी दिसत होती. तेव्हा कुठे काउंटरवरच्या बाईंचं वाक्य माझ्या डोक्यात नीट शिरलं. जेवणाच्या आत परत या. नंतर पंचाईत होते.

आयुष्यभर मी जे पाणी हाताळलं, ते व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय आलं नाही. हे आपलं आपण आलं होतं.

"घोटाभर असेल," मी हवेत म्हणालो आणि पाण्यात उतरलो. घोटाभर होतं. मग गुडघ्याएवढं झालं. पुढच्या पावलाला कमरेएवढं. खालून पाणी आडवं ओढत होतं, ओल्या साबणासारखी वाळू पायाखालून सरकत होती. डाव्या पायातली चप्पल निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी वळायला गेलो, पण कमरेखालचा मी वळेना. मला पोहता येत नाही. पाणीपुरवठा खात्यात त्याची परीक्षा नसते.

तेवढ्यात शर्टाच्या कॉलरमध्ये काहीतरी अडकलं. छत्रीची मूठ होती. सासूबाई खडकावर पाय रोवून, एखाद्या खोडकर मुलाला बागेतून ओढावं तशा मला ओढत होत्या. मी काठाला लागलो, खोकलो, आणि "थँक्यू" म्हणालो. ते त्यांना उद्देशून होतं की छत्रीला, हे दोघांनाही स्पष्ट नव्हतं.

मग आम्ही हात हलवायला लागलो. मी दोन्ही हात हलवले. लांब माडाखालून बायकोनं हात हलवला. मी आणखी जोरात हलवले. तीही उठून उभी राहिली आणि आणखी जोरात हलवायला लागली. मी शर्ट काढून फिरवला. तिनं फोन उचलला आणि आमचे फोटो काढले.

"हिला लहानपणापासून असंच," सासूबाई पुटपुटल्या. "ताप मोजायला गेलं तर हसायची."

इतक्यात डाव्या बाजूनं इंजिनाचा आवाज आला. पर्यटकांनी भरलेली बोट होती, वर निळं छप्पर, छपरावर भोंगा. मी ओरडलो, "वाचवा, ओ, वाचवा." भोंग्यातून गाणं वाजत होतं, त्यात माझा आवाज कुठल्या कुठे गेला. मग गाणं थांबलं आणि माहिती सांगणाऱ्याचा आवाज आला, "मंडळी, उजव्या हाताला पाहा. त्या आजी आणि त्यांचा मुलगा आपल्याला बाय-बाय करतायत. आपणही करू या." सगळी बोट आमच्याकडे हात हलवत निघून गेली.

"आजी?" सासूबाई म्हणाल्या.

माझं लक्ष दुसरीकडे होतं. पाण्याच्या टाक्या तपासताना आम्ही आतल्या भिंतीवरचा डाग बघतो. पाणी कुठवर चढतं ते त्यावरून कळतं. इथल्या खडकावरही तसा पट्टा होता. खाली चिकटलेले शिंपले, ओलसर हिरवं शेवाळ, आणि मग एका रेषेवर ते एकदम संपत होतं. ती रेषा माझ्या डोक्याच्या वर होती.

मी डोळे पटकन दुसरीकडे वळवले. सासूबाईंनी घाबरू नये म्हणून. पाहतो तर त्याही त्याच रेषेकडे बघत होत्या आणि मी पाहिलेलं पाहून त्यांनीही डोळे दुसरीकडे वळवले. पाणी आता आमच्या पायाशी आलं होतं. बनात शिरावं तर केवड्याचे काटे करवतीसारखे, बोटसुद्धा आत जाईना. वर एकच जागा होती. रेषेच्या वर खडकाला एक कोनाडा होता, दोन माणसं बसतील एवढा. तिथवर माझा हात जेमतेम पोचत होता. त्यांचा पोचणं शक्य नव्हतं.

पुढची लाट गुडघ्याला लागली. सासूबाईंनी पर्स पाठीमागे सारली, माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाल्या, "वाका."

त्यांनी माझ्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द.

मी वाकलो. पाठीवर एक बूट आला, मग दुसरा. सासूबाई दिसतात त्यापेक्षा बऱ्याच भरीव आहेत. "हलू नका." मी हललो नाही. पाणी माझ्या नाकाशी आलं, गेलं, पुन्हा आलं. "थोडे वर व्हा." ते कसं व्हायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही, पण मी झालो. एकदा त्यांचा पाय घसरून माझ्या कानावर आला, एकदा डोक्यावर. मग एकदम पाठ हलकी झाली आणि वरून छत्री खाली आली. "धरा." मी धरली, ढोपरं सोलत, एक पाय अनवाणी, वर सरपटलो. आम्ही कोनाड्यात खांद्याला खांदा लावून बसलो. खाली, जिथे मघाशी आम्ही उभे होतो, तिथे पाणी आपटून फुटत होतं.

मी सोललेली ढोपरं पुसली.

"मला पोहता येतं," सासूबाई समोर बघत म्हणाल्या. "लहानपणी नदी ओलांडून शाळेत जात होते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "मग मघाशी पाणी कमी होतं, तेव्हाच गेला का नाहीत?"

"तुम्हाला येत नाही ना."

एक लाट येऊन गेली. तिचे शिंतोडे दोघांच्या तोंडावर आले.

"तुम्ही माझ्याशी बोलत का नाही हो?" त्यांनी विचारलं. आवाज मेट्रनचा नव्हता. "आमचं काही चुकलं का?"

"मी?" मी म्हणालो. "तुम्हीच नाही बोलत. पहिल्या दिवसापासून. मी घरी आलो तेव्हा तुम्ही मुलीला म्हणालात, ह्यांना पाणी दे. मला वाटलं, तुम्हाला असंच आवडतं."

"अहो, तेव्हा माझा घसा बसला होता. तिच्याजवळ पुटपुटले. मग तुम्हीही तिलाच म्हणालात, आईंना सांग, नको. मला वाटलं, जावईबापूंना असंच आवडतं."

आम्ही दोघं समुद्राकडे बघत बसलो. घसा बसला होता. एवढ्यावर आम्ही इतकी वर्षं काढली होती. मला हसू येत होतं, पण पाणी कोनाड्याच्या काठाखाली वीतभर आलं होतं आणि रेषेबद्दलचा माझा अंदाज बरोबर आहे का, याची मला पूर्वीइतकी खात्री राहिली नव्हती.

"पाव आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

पिशवी केव्हाच वाहून गेली होती. हे मी त्यांना थेट सांगितलं. थेट सांगायला तसं सोपंच असतं.

मग मासेमारीची एक छोटी होडी वळसा घालून आली. मागे एक काळासावळा नावाडी, तोंडात काडी, चेहऱ्यावर काहीही घाई नाही. पुढे माझी बायको, सुजलेला पाय उंच ठेवून, रडवेली. तिनं नंतर सांगितलं की आम्हाला हात हलवताना, शर्ट फिरवताना पाहून तिला वाटलं आम्ही मजेत आहोत, शेवटी एकदाचं जमलं दोघांचं. पण आईला माझ्या पाठीवर पाय ठेवून उभं राहिलेलं पाहिलं, तेव्हा तिला खरं काय ते कळलं. असं काही आपल्या घरात मजेत होणार नाही, एवढी तिला खात्री होती. ती लंगडत, ओरडत, मिळेल त्याला ओढत निघाली.

"होडी खडकाला लावता येणार नाही," नावाडी म्हणाला. "फुटेल. मी जवळ आणतो, तुम्ही एकेक उडी मारा."

"आधी तुम्ही," मी सासूबाईंना म्हणालो.

"तुम्हाला पोहता येत नाही. आधी तुम्ही."

"असं कसं, वडीलधाऱ्यांना सोडून..."

"मी वरून लक्ष ठेवते. जा."

"मला ते बरोबर वाटत नाही."

"तुम्हाला बरोबर वाटण्याचा प्रश्नच नाही."

थेट बोलायला लागून अर्धा तास नाही झाला तोवर हे आमचं पहिलं भांडण. नावाड्यानं तोंडातली काडी काढली. "कोणीतरी या," तो म्हणाला. "पाणी थांबत नाही."

होडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मी डोळे मिटले, मन घट्ट केलं आणि उडी मारली.

नेमकी तेव्हाच होडी खाली गेली. मी तिच्या काठावर आपटलो आणि होडी आणि खडक यांच्या मधल्या फटीत गेलो. पाण्याखाली हिरवं होतं आणि आवाज एकदम बंद झाला. मी हात मारले, हाताला काही लागलं नाही. डोक्यावर होडीचं काळं बूड खडकाकडे सरकताना दिसत होतं. आता संपलं, असं स्पष्ट शब्दांत मनात आलं. मग कॉलरला हिसका बसला. या वेळी छत्रीची मूठ नव्हती, हात होता. सासूबाई बुटांसकट, पर्ससकट वरून पाण्यात आल्या होत्या. एका हाताने मला आणि एका हाताने पाणी ओढत त्यांनी मला होडीच्या दुसऱ्या बाजूला नेलं. नावाड्यानं आणि बायकोनं मला पोत्यासारखं आत घेतलं. सासूबाई स्वतःच्या स्वतः चढल्या, केस मागे सारले आणि बायकोला म्हणाल्या, "ह्यांना कोरडं काहीतरी दे." मग थांबल्या. माझ्याकडे वळल्या. "थंडी वाजतेय का?"

"हो," मी त्यांना सांगितलं. दात वाजत होते, पण सांगितलं. बायको तोंडावर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिली.

हॉटेलात पोचलो तर काउंटरवरच्या बाई दारातच उभ्या. "मी म्हटलं होतं ना, जेवणाच्या आत या."

"मला वाटलं, जेवण बंद होतं," मी टॉवेलमधून म्हणालो.

"जेवण कसं बंद होईल? पाणी चढतं. जेवण आहे की. बसा."

आम्ही जेवायला बसलो. सासूबाईंनी मला आधी वाढलं आणि मग बोलायला सुरुवात केली. त्यांच्याकडे बराच साठा होता. मी जेवताना फार वेगानं जेवतो. मी चालताना पाय फरफटतो. लग्नात मी घातलेला कोट त्यांना मुळीच पसंत नव्हता. परतीच्या प्रवासात त्यांनी माझ्या शेजारचीच जागा घेतली. बायको खिडकीला डोकं टेकून, आम्हाला ओळखत नसल्यासारखी शांत झोपली. सासूबाईंना मधल्या स्थानकावर उतरून आपल्या घरी जायचं होतं, पण त्या म्हणाल्या, "जावईबापूंचा एवढा आग्रह असेल तर राहीन चार दिवस." मी आग्रह केल्याचं मला आठवत नाही. पण तोंडावर नाही म्हणण्याचा सराव अजून व्हायचा होता.

ते चार दिवस चालू आहेत. हे लिहितोय तेव्हाही त्या खुर्चीमागे उभ्या राहून वाचतायत. बाकी सगळं ठीक आहे म्हणतात, एकच शब्द चुकलाय.

"'उडी मारली' नाही," त्या म्हणतात. "'पडलो' असं लिहा."

पडलो.